शिक्षक आणि विद्यार्थी : रोजच्या मर्यादा, कायदा आणि तक्रार आल्यावर नेमकं काय करायचं

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवर तिथल्याच स्वच्छता कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुख्याध्यापिका व संस्थाचालक यांच्यावरही गुन्हा नोंदवला गेला. त्यांच्यावरचा आरोप होता, प्रकार कळूनही पोलिसांना न कळवल्याचा. तेव्हापासून शिक्षकखोलीत दोन वाक्यं वारंवार ऐकू येतात. एक, 'आता मुलींशी बोलायलाच नको.' दुसरं, 'आमच्या शाळेत असलं काही होत नाही.' ही दोन्ही वाक्यं मुलांच्या जिवावर उठणारी आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्याने चांगला शिक्षक मुलांपासून तुटतो आणि दुसऱ्याने वाईट माणसाला मोकळं रान मिळतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या शाळांमधले शिक्षक, क्लासचालक, क्रीडा मार्गदर्शक आणि पालक यांच्यासाठी आहे. सगळ्या पायऱ्यांना एकच आधार आहे. मुलांसाठी जे काही करायचं ते चारचौघांत, नोंद ठेवून आणि पालकांना ठाऊक असताना करायचं. त्याने मूल सुरक्षित राहतं, आणि प्रामाणिक शिक्षकही.

पायरी १ : कायद्याची चौकट आधी नीट समजून घ्या

लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, म्हणजे आपण ज्याला 'पॉक्सो' म्हणतो तो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात १८ वर्षं पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे. मुलगा असो वा मुलगी, संरक्षण सारखंच. आरोपी पुरुषच असतो असंही कायदा धरून चालत नाही.

अकरावी-बारावीच्या वर्गांत शिकवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सतरा वर्षांच्या मुलीची किंवा मुलाची 'संमती' या कायद्यापुढे टिकत नाही. 'तिलाही आवडत होतं', 'त्यानेच आधी मेसेज केला', 'आम्ही लग्न करणार होतो', यातलं काहीही बचाव ठरत नाही. उलट आरोपी त्याच शैक्षणिक संस्थेचा कर्मचारी किंवा व्यवस्थापनातला असेल, तर गुन्हा 'गुरुतर' म्हणजे अधिक गंभीर मानला जातो. लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला एरवी तीन ते पाच वर्षं कैद आहे, शाळेच्या कर्मचाऱ्याला पाच ते सात. लैंगिक संबंधापर्यंत गेलेल्या गुरुतर गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षं सक्तमजुरी आहे.

स्पर्श कपड्यांवरून होता, म्हणून गुन्हा होत नाही, असा एक समज जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या एका निकालामुळे पसरला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला. महत्त्व लैंगिक हेतूला आहे, त्वचेला त्वचा लागली की नाही याला नाही. स्पर्शाशिवायही गुन्हा होतो. अश्लील बोलणं, हावभाव, चित्रं दाखवणं, मुलाचा वारंवार पाठलाग करणं किंवा लैंगिक हेतूने फोन, मेसेज, समाजमाध्यमांतून सतत संपर्क साधत राहणं, हे सगळं लैंगिक छळात मोडतं आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

याशिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ आहे, बाल न्याय कायदा, २०१५ आहे आणि नोकरीच्या बाजूने खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा व त्याची १९८१ ची नियमावली आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना शिस्त व अपिलाचे १९६४ चे नियम लागतात. म्हणजे एकाच वागण्याचा फौजदारी खटला वेगळा आणि खातेनिहाय चौकशी वेगळी.

पायरी २ : मोबाइलचे नियम आजच ठरवा

मी सगळ्यात जास्त जागा याला देणार आहे, कारण हल्ली घसरण बहुतेक वेळा इथूनच सुरू होते, आणि तीही इतक्या हळू की सुरुवातीला कुणाला खटकतही नाही.

एक साखळी बघा. पहिला मेसेज, संध्याकाळी सात वाजता : 'उद्या प्रयोगवही आण.' यात काहीच गैर नाही. पुढच्या आठवड्यात : 'आज वर्गात गप्प गप्प होतीस, काय झालं?' काळजीच वाटते. मग रात्री पावणेअकराला : 'झोपली नाहीस अजून?' आणि काही दिवसांनी : 'हे आपल्यातच राहू दे, लोक उगाच वेगळा अर्थ काढतात.' शेवटचा मेसेज लिहिला गेला तेव्हा मर्यादा ओलांडून झालेली होती. मधल्या दोन मेसेजना थांबवणारा नियम शाळेत नव्हता, ही खरी अडचण. अत्याचार करणारा माणूस हीच शिडी मुद्दाम चढतो : आधी खास वागणूक, मग एकांत, मग गुपित. आणि ज्याच्या मनात काही नाही असा शिक्षकही नकळत तिच्या पहिल्या पायरीवर उभा असतो.

म्हणून नियम कोरडे आणि सगळ्यांना सारखे हवेत. शक्यतो मुलांचे नाही, पालकांचे नंबर ग्रुपमध्ये घ्या. वर्गाचा ग्रुप शाळेच्या नावाने असावा, त्यात वर्गशिक्षकाखेरीज दुसरे एक शिक्षक आणि मुख्याध्यापक हवेतच. सूचना देण्याची वेळ ठरवा, रात्री आठनंतर काही पाठवू नका. मुलाने खाजगीत अभ्यासाचा प्रश्न विचारला तर उत्तर ग्रुपवर द्या : 'हा प्रश्न एकाला पडलाय, म्हणून सगळ्यांसाठी सांगतो.' मुलाने खाजगीत दुःख सांगितलं तर दुर्लक्ष करू नका, पण तिथे गप्पाही मारू नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस. उद्या मधल्या सुट्टीत आपण बाईंसोबत बसून बोलू', एवढं लिहा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. मजकुरावरून जिवाला धोका वाटत असेल तर उद्याची वाट बघायची नाही, तेव्हाच पालकांना किंवा १०९८ या चाइल्डलाइनच्या (मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या) क्रमांकावर फोन करायचा.

इन्स्टाग्रामवर विद्यार्थ्यांना फॉलो करू नका आणि त्यांची विनंती स्वीकारू नका. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू ठेवून विद्यार्थ्याशी बोलणं पूर्ण बंद. हेतू कितीही स्वच्छ असो, पुसलेलं संभाषण उद्या तुमच्या बाजूने काही सांगू शकत नाही.

फोटोंबद्दल. स्नेहसंमेलनात नाचाच्या पोशाखातल्या मुलींचे फोटो शिक्षकाच्या खाजगी फोनमध्ये आणि मग स्टेटसला, हे दृश्य आपल्याकडे इतकं सर्रास आहे की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फोटो शाळेच्या कॅमेऱ्यावर किंवा शाळेच्या फोनवर काढा, जूनमध्येच पालकांची लेखी परवानगी घ्या आणि मुलाचं नाव, वर्ग, गाव फोटोसोबत टाकू नका. मुलांना वर्गात रील करायला लावणं तर बंदच करा.

एक धोक्याचा मुद्दा. एखाद्या विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा अश्लील फोटो, व्हिडिओ वर्गात फिरतोय असं कळलं, तर 'पुरावा' म्हणून तो स्वतःच्या फोनवर मागवू नका, शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. बालकाचं असं चित्रण बाळगणं आणि पसरवणं हा पॉक्सोखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. ज्या फोनवर तो आहे तो फोन कुणाचा, कधी दिसला, कुणी सांगितलं, एवढं लिहून ठेवा आणि पोलिसांना कळवा.

पायरी ३ : खोली, स्पर्श, गाडी, सहल

एका मुलाशी एकट्याने बोलायची वेळ येते, आणि ती यायलाच हवी. फक्त दार उघडं असावं, किंवा खोली अशी असावी की येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं दिसेल. प्रयोगशाळेची मागची भांडारखोली, क्रीडासाहित्याची खोली, संगणक कक्ष, रिकामी शिक्षकखोली, या जागा शाळा सुटल्यावर कुलूपबंद असाव्यात आणि किल्ली कुणी नेली याची वही असावी. रविवारी 'जादा तास' असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, हजेरी आणि दुसरं मोठं माणूस हजर, या तीन गोष्टींशिवाय तो घेऊ नये.

स्पर्शाबद्दल टोकाची भूमिका मला पटत नाही. पहिलीतलं पोर रडत आलं तर त्याला जवळ घेणाऱ्या बाई काही चूक करत नाहीत. पण पुढाकार मुलाचा, गरज मुलाची आणि सगळं उघड्यावर, हे तीन निकष लावून बघा. कबड्डी, कुस्ती, जिम्नॅस्टिक, नृत्य, तबला शिकवताना शरीराला हात लावावा लागतो. तेव्हा आधी तोंडाने सांगा, स्वतः करून दाखवा, तरी जमलं नाही तर 'खांदा धरून दाखवू का?' असं विचारा आणि तो नाही म्हणाला तर थांबा. मुलं विचारल्यावर नाही म्हणायला शिकतात, हा त्यातला मोठा फायदा. बालवर्गातल्या मुलांना स्वच्छतागृहात नेणं हे सेविकेचं काम आहे. जोडीला दुसरी सेविका हाकेच्या अंतरावर हवी.

खेड्यात शेवटची एसटी चुकली की सरांच्या मोटारसायकलवरून घरी सोडणं ही माणुसकी असते. ती सोडू नका, पण एकट्या मुलीला किंवा मुलाला मागे बसवण्याआधी पालकांना फोन करा, मुख्याध्यापकांना मेसेज टाका, जमल्यास दोन मुलं बरोबर न्या. घरभेटीलाही हेच, घरात मोठं माणूस असतानाच आत बसा, नाहीतर अंगणातूनच निरोप द्या. सहलीत मुलींसोबत शिक्षिका हवीच. शिक्षक-शिक्षिकांनी मुलांच्या खोलीत झोपायचं नाही आणि रात्रीची फेरी दोघांनी मिळून मारायची.

पायरी ४ : छडी, शिवी आणि जात

मर्यादा म्हटलं की आपण फक्त लैंगिक गोष्टींचा विचार करतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी घालतं. पट्टी, कान पिळणं, कोंबडा, उन्हात उभं करणं, शंभर उठाबशा, हे सगळं त्यात येतं. ज्या संस्थेकडे मुलाची जबाबदारी सोपवलेली आहे तिथल्या कर्मचाऱ्याने क्रौर्य केलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पालक स्वतःच 'बाई, चांगला हाणा त्याला' म्हणतात. पालकांच्या परवानगीने मारहाण कायदेशीर होत नाही.

मुलाला त्याच्या जातीवरून, आडनावावरून, आईच्या कामावरून, रंगावरून टोमणा मारणं, मासिक पाळीचा डाग दिसलेल्या मुलीला वर्गासमोर उभं करणं, फी राहिली म्हणून नाव वाचून दाखवणं, हा मानसिक छळ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाचा चारचौघांत जातिवाचक अपमान झाला तर अॅट्रॉसिटी कायदाही लागतो. या जखमा दिसत नाहीत म्हणून आपण त्या मोजत नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या घरी जाऊन बसा, त्या तिथे ऐकू येतात.

पायरी ५ : पैसा, भेटी, शिकवणी

हे थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही. गुरुपौर्णिमेचं फूल आणि शिक्षकदिनाचं हाताने केलेलं कार्ड घ्या, महागडी वस्तू परत करा. उलट बाजूने, गरजू मुलाला मदत करायची असेल तर वह्या, फी, चष्मा, जे काही असेल ते शाळेमार्फत आणि पालकांच्या समोर द्या. गुपचूप हातात ठेवलेले पैसे मुलाला ओझं वाटतात, आणि गुपचूप पैसे घ्यायची सवय लागलेलं मूल वाईट माणसाच्या हाती लवकर लागतं.

पायरी ६ : विद्यार्थ्याला ओढ वाटली तर

वयात येणाऱ्या मुलामुलींना शिक्षक आवडणं हे अगदी स्वाभाविक आहे. त्यात त्यांचा दोष नाही आणि लाज वाटण्यासारखंही काही नाही. मर्यादा सांभाळण्याची जबाबदारी प्रत्येक वेळी, शंभर टक्के, मोठ्या माणसाची.

समजा नववीच्या वहीत चिठ्ठी निघाली : 'सर, तुम्ही मला खूप आवडता.' चिठ्ठी फाडू नका, वर्गात वाचून दाखवू नका, शिक्षकखोलीत हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी चिठ्ठी मुख्याध्यापकांना दाखवून तारखेसह नोंद करा. मुलीशी एखाद्या शिक्षिकेने बोलावं, समुपदेशक असतील तर त्यांनी. सरांना बोलावंच लागलं तर बाई सोबत असताना, आणि तेही थोडक्यात : 'तुझ्या मनात आलं ते तू लिहिलंस, त्यात रागावण्यासारखं काही नाही. मी तुझा शिक्षक आहे आणि शिक्षकच राहणार. तुझ्या अभ्यासावर, गुणांवर याचा काही परिणाम होणार नाही.' बस. 'तू अजून लहान आहेस' असं म्हणू नका, त्यातून 'मोठी झाल्यावर बघू' असं ऐकलं जातं. आणि त्यानंतर तिला टाळू नका. प्रश्न विचारला तर उत्तर द्या, हात वर केला तर संधी द्या, इतरांना देता तेवढीच.

शिक्षकाच्या स्वतःच्या मनात असं काही येऊ लागलं, तर त्या विद्यार्थ्याच्या संपर्काची कामं, मग तो जादा तास असो की स्पर्धेची तयारी, लगेच दुसऱ्याकडे द्यावीत आणि समुपदेशकाची मदत घ्यावी. कृती होण्याआधी थांबता येतं. कृती झाल्यावर थांबणं उरत नाही.

पायरी ७ : सहकाऱ्याचं वागणं खटकलं तर

एकाच मुलाला सारखं थांबवून घेणं, ठरावीक मुलीलाच कामाला बोलावणं, दार लावून बसणं, दुहेरी अर्थाचे विनोद, मुलं ज्या सरांच्या तासाला जायला टाळाटाळ करतात असं काही. सहसा आपण म्हणतो, 'कुणाचं घर कशाला उठवा?' पण पॉक्सोचं कलम १९ फक्त घडलेल्या गुन्ह्याबद्दल बोलत नाही, गुन्हा घडण्याची भीती वाटत असेल तरी कळवायला सांगतं. नियमभंग असेल, गुन्ह्याची शंका नसेल, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. शंका गुन्ह्याची असेल तर पुढची पायरी.

पायरी ८ : मुलाने सांगितलं, आता काय?

मूल सहसा सरळ सांगत नाही. 'बाई, मला त्या सरांच्या वर्गात नको' असं म्हणतं, पोट दुखल्याचं कारण काढतं, मैत्रिणीची गोष्ट म्हणून स्वतःची सांगतं. ऐकणाऱ्याची पहिली दहा मिनिटं फार मोलाची असतात.

आठवीतली मुलगी म्हणते, 'बाई, एक सांगायचंय, पण तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?' इथे 'नाही गं, शप्पथ' असं म्हणू नका. ते वचन तुम्हाला कायद्याने पाळता येणार नाही, आणि ते मोडलं की ती पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार नाही. म्हणा, 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारून, समजावून सांगेन.' मग ऐका. 'काय झालं?', 'मग?', एवढेच प्रश्न. 'सरांनी इथे हात लावला का?' असं तिच्या तोंडात उत्तर घालणारं काही विचारू नका. 'तू तेव्हाच का नाही बोललीस?' हे तर कधीच नाही. तिला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सगळं सांगायला लावू नका, संस्थाचालकांपुढे उभी करू नका, आरोपीसमोर आणू नका. शेवटी तीन वाक्यं : 'तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आता पुढचं आम्ही मोठी माणसं बघू.'

ती गेल्यावर लगेच, आठवण ताजी असताना लिहा. तारीख, वेळ, जागा, तिचे शब्द जसेच्या तसे. तिने 'शू ची जागा' म्हटलं असेल तर तेच लिहा, त्याचं शुद्ध मराठी करू नका. तुमचा अंदाज त्यात मिसळू नका. खाली सही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथून पुढे शाळेला विचार करायची मुभा नाही. 'आधी आपण आपल्या पातळीवर खात्री करून घेऊ', 'संस्थेची मीटिंग होऊ दे', 'पालक नको म्हणतायत' ही वाक्यं शाळांना भोवली आहेत. कलम १९ नुसार ज्याला माहिती मिळाली त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं आहे. खरं-खोटं ठरवणं हे पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. दुसऱ्या बाजूने, सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलेलं आहे.

कळवायचं कसं? ११२ किंवा १०९८ ला फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. पोलीस ठाण्यात माहिती द्या, ती नोंदवून तिला क्रमांक मिळाला पाहिजे आणि ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून परत पाठवता येत नाही. मुख्याध्यापक टाळाटाळ करत असतील तर शिक्षकाने स्वतः जावं, परवानगी लागत नाही. पालकांना लगेच विश्वासात घ्या. संशय घरातल्याच कुणावर असेल तर मात्र आधी पोलीस आणि बालकल्याण समिती, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती. शासनाच्या सूचनेप्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांनाही चोवीस तासांच्या आत कळवायचं असतं. ते पोलिसांच्या जोडीला आहे, त्यांच्याऐवजी नाही. सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी वेगळं काढून ठेवा.

पालकांना पुढचं माहीत असलं की त्यांची भीती कमी होते, म्हणून त्यांना सांगा. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस सोबत बसतं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेखाली अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं.

आणि मुलाचं नाव, शाळा, घर, फोटो यातलं काही कुठेही फुटू देऊ नका. शिक्षकांच्या ग्रुपवर 'आठवी ब मधली, त्या अमक्याची मुलगी' एवढं लिहिलं तरी ओळख पटते. माध्यमांतून ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. ती मुलगी परत वर्गात येणार आहे, त्याच बाकावर बसणार आहे, हे सतत डोळ्यांपुढे ठेवा.

पायरी ९ : तुमच्यावरच आरोप झाला तर

निरपराध माणसालाही हे सोसावं लागू शकतं, हे मान्य करूनच लिहिते. पहिला नियम, त्या मुलाशी किंवा त्याच्या घरच्यांशी संपर्क करायचा नाही. ना समजूत घालायला, ना माफी मागायला, ना मध्यस्थ पाठवून. साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप त्यातून नव्याने चिकटतो. फोनमधलं काहीही पुसू नका. वकील गाठा आणि मगच लेखी उत्तर द्या. पॉक्सोच्या मुख्य गुन्ह्यांत आरोपीच्या विरोधात गृहीतक आहे, ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर येतं. तेव्हा परवानगीची पत्रं, हजेऱ्या, किल्लीची वही, ग्रुपवरचे मेसेज, हेच कामाला येतात.

नोकरीच्या बाजूने तुम्हाला हक्क आहेत. खाजगी शाळेत १९८१ च्या नियमावलीनुसार तिघांची चौकशी समिती बसते, त्यात एक प्रतिनिधी तुमचा असतो. आरोपपत्र, कागदपत्रं, साक्षीदारांना प्रश्न विचारणं, बचाव मांडणं, हे सगळं मिळायलाच हवं. निलंबनकाळात निर्वाहभत्ता मिळतो. बडतर्फी झाली तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. बदनामी करायला, पैसे उकळायला जाणीवपूर्वक खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे. मुलाला मात्र त्यासाठी शिक्षा होत नाही, आणि ते योग्यच आहे. शिक्षेची भीती असती तर खरं सांगणारी मुलंही गप्प बसली असती.

कॉलेजमध्ये काय बदलतं

विद्यार्थी अठरा पूर्ण झाला की पॉक्सो लागत नाही, पण गुण, उपस्थिती, शोधनिबंध, शिफारसपत्र प्राध्यापकाच्या हातात असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाविरुद्धचे २०१५ चे नियम याच सत्तेबद्दल आहेत. गुणांच्या बदल्यात मागणी, नकार दिल्यावर त्रास, नकोशी शेरेबाजी, सगळं त्यात येतं आणि तक्रार विद्यार्थीही करू शकतात, मुलगेसुद्धा. घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यावी, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ खाली अधिकाराचा किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन स्त्रीशी ठेवलेल्या शरीरसंबंधाला पाच ते दहा वर्षं शिक्षा आहे. ज्याचा प्रबंध तुमच्या सहीवर अडलाय, त्याच्याशी प्रेमाचं नातं ठेवू नका. ठेवायचंच असेल तर आधी मार्गदर्शन, मूल्यमापन दुसऱ्याकडे लेखी सोपवा.

जूनमध्ये करायची कामं

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी ही कामं उरकावीत. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, त्यात क्रीडा अकादमीही आल्या, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची असते. यात शिपाई, बसचालक, वाहक, सुरक्षारक्षक, ठेकेदाराची माणसं, नृत्याचे बाहेरून येणारे सर, सगळे धरा. ठेकेदाराने 'माझी जबाबदारी' म्हटलं तरी पडताळणीची प्रत शाळेच्या फाइलमध्ये हवी.

मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ पासून प्रत्येक शाळेत अपेक्षित आहे. तिच्या सदस्यांची नावं आणि संपर्क फलकावर लावा, आणि बैठक खरोखर घ्या. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनासमोर ठेवू नका, तिथे चिठ्ठी टाकायला कोणतं मूल धजावेल? पाण्याच्या टाकीजवळ, जिन्याच्या वळणावर ठेवा आणि दोघांनी मिळून उघडा, काय निघालं ते वहीत लिहा. बदलापूरनंतरच्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही सक्तीचे केले आणि मुख्याध्यापकांनी चित्रण आठवड्यातून किमान तीन वेळा बघावं असं सांगितलं. बघितल्याची तारीख आणि सही असलेली वही ठेवा.

शेवटी एक पानाची आचारसंहिता करा. मोबाइल, एकांत, स्पर्श, वाहन, भेटी, शिक्षा आणि तक्रार कुणाला सांगायची, एवढंच तिच्यात. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सह्या घ्या आणि हेच पान पालकसभेत वाचून दाखवा. मुलांना त्याची सोपी आवृत्ती वर्गावर्गात सांगा, म्हणजे एखादे सर रात्री अकराला मेसेज करू लागले तर ते नियम मोडतायत हे मुलालाच आधी कळेल, आणि ते कुणाकडे जाऊन सांगायचं हेही.